अंतकाळची सोबत

लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मर्तिकाला बोलावण्याची वाट पाहू नये, हा आपल्या समाजाचा अलिखित दंडक आहे. एखाद्या घरी मृत्यू झाल्याची वार्ता कानी पडताच गल्लीतील, वाड्यातील, सोसायटीतील माणसे हातातले काम टाकून धावतात. बांबू कोणी आणायचे, गुरुजींना कोणी कळवायचे, स्मशानाचा पास कोणी काढायचा, गावाकडच्या मंडळींना निरोप कोणी द्यायचा, हे कोणाला विचारावे लागत नाही. त्या दिवशी ज्या घरात चूल पेटत नाही, तेथे शेजारून पिठले-भात येतो. वर्षानुवर्षांचा अबोला असलेला भाऊबंदही खांदा द्यायला पुढे होतो. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध अशी दुःखाची पायरी पायरीने उतरण रचणारा समाज मृत्यूला घाबरून पळणारा नाही, हे निश्चित.

परंतु या चित्राच्या अलीकडे एक मोठी रिकामी जागा आहे. मृत्यूनंतर धावून येणारा हा समाज मृत्यूपूर्वीच्या दोन-चार महिन्यांत कोठे असतो? डॉक्टरांनी 'आता घरी घेऊन जा' असे सांगितलेले असते. दिवाणखान्यात रुग्णालयातल्यासारखी लोखंडी खाट येते. सत्तरीची पत्नी रात्र रात्र जागते, मुलगा रजा संपल्याने कामावर जातो, सून घर आणि आजारपण यांच्यात पिळून निघते. पहिल्या पंधरवड्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. फळांची पिशवी ठेवली जाते, रुग्णाला 'लवकर बरे व्हा' असे सांगितले जाते आणि दाराबाहेर दबक्या आवाजात 'डॉक्टर काय म्हणतात?' असे विचारले जाते. नंतर ही रीघ आटते. आता काय बोलावे हे सुचत नाही, म्हणून माणसे यायची थांबतात. ज्याला सर्वांत अधिक सोबत हवी, तो सर्वांत अधिक एकटा पडतो. खांदा द्यायला शंभर माणसे असलेल्या माणसाला हात धरायला एक माणूस मिळत नाही, ही आजच्या नागर जीवनातील विसंगती आहे.

पश्चिमेतील एक नवी वाट

ही पोकळी पाश्चात्य समाजाला आपल्याआधी जाणवली, कारण तेथे कुटुंब आपल्याआधी विरळ झाले. त्यातून तेथे 'डूला' नावाची एक भूमिका उदयास आली. हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ सेविका, दासी असा. १९७०च्या दशकात अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डाना राफेल यांनी बाळंतिणीला आधार देणाऱ्या अनुभवी स्त्रीसाठी तो वापरला. डूला ही डॉक्टर नव्हे, परिचारिकाही नव्हे. प्रसूतीच्या कळा सोसणाऱ्या स्त्रीजवळ अखंड बसणारी, तिला धीर देणारी ती जाणती सोबतीण.

पुढे काही लोकांच्या मनात आले की, जगात येणाऱ्याच्या वाटेवर जर सोबत हवी, तर जगातून जाणाऱ्याच्या वाटेवर ती का नको? न्यूयॉर्कमधील एका हॉस्पिसमध्ये समाजसेवक म्हणून काम करणारे हेन्री फर्स्को-वाइस यांनी एका मैत्रिणीकडून प्रसूतीच्या डूलाचे प्रशिक्षण कसे असते हे ऐकले आणि २००३मध्ये त्याच धर्तीवर मरणासन्न माणसांसाठी सोबत्यांचा कार्यक्रम सुरू केला. २०१५मध्ये या कामाचे प्रशिक्षण देणारी एक आंतरराष्ट्रीय संघटनाही त्यांनी स्थापन केली. आज अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत अंतकाळचे डूला काम करतात. काही ठिकाणी स्वयंसेवक म्हणून, तर काही ठिकाणी तासाच्या हिशेबाने मोबदला घेऊन.

त्यांच्या कामाचे स्वरूप नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण ते दिसते तितके साधे नाही. कामाचे साधारणपणे तीन टप्पे मानले जातात. पहिला टप्पा आयुष्याची गोळाबेरीज करण्याचा. रुग्णाशी निवांत बोलत बसणे, त्याच्या आठवणी लिहून घेणे, ध्वनिमुद्रित करणे, कोणाला काही सांगायचे राहून गेले असल्यास त्यासाठी पत्र लिहून देणे. याच टप्प्यात अखेरचे दिवस कसे असावेत हेही त्याच्याकडून समजून घेतले जाते. खोलीत कोण असावे, कोणते संगीत असावे, दिवा मंद असावा की प्रखर, प्रार्थना हवी की शांतता, हे त्याने सांगायचे असते. दुसरा टप्पा जागराचा. मृत्यू अगदी समीप आल्यावर सोबती पाळ्या लावून अहोरात्र बसतात. घरच्यांना दोन घटका डोळा लागावा म्हणून आपण जागतात. तिसरा टप्पा मृत्यूनंतरचा. काही आठवड्यांनी ते पुन्हा त्या घरी जातात आणि त्या शेवटच्या प्रहरांबद्दल कुटुंबाला बोलते करतात. 'आपण आणखी काही करायला हवे होते का?' हा मागे उरलेल्यांना पोखरणारा प्रश्न तेथे मोकळेपणाने मांडला जातो.

हे सोबती औषध देत नाहीत, इंजेक्शन टोचत नाहीत, उपचारांबाबत निर्णय घेत नाहीत. ते काय करत नाहीत, यावरच त्यांच्या कामाची मर्यादा आणि प्रतिष्ठा दोन्ही अवलंबून आहेत.

शरशय्येजवळचा अर्जुन

यात नवीन ते काय, असा प्रश्न भारतीय वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महाभारतातील भीष्मांची शरशय्या हा मरणासन्न माणसाच्या सोबतीचा केवढा विलक्षण प्रसंग आहे! रणांगणावर पडलेल्या पितामहांनी उशी मागितली, तेव्हा राजेलोकांनी मऊ, उंची उशा आणून पुढे केल्या. भीष्मांनी त्या नाकारल्या. अर्जुनाने मात्र त्यांचे मन ओळखले आणि तीन बाण मारून मस्तकाला आधार दिला. पुढे त्यांनी पाणी मागितले, तेव्हाही इतरांनी खाद्यपदार्थ आणि शीतल जलाचे कुंभ आणले. अर्जुनाने बाणाने भूमी भेदून जलधारा त्यांच्या मुखी आणली. राजांचे प्रेम खोटे नव्हते. परंतु त्यांनी भीष्मांना काय हवे असेल हे आपल्या सोयीने ठरवले होते. अर्जुनाने ते भीष्मांच्या दृष्टीने पाहिले. अंतकाळच्या सोबतीचे सारे शास्त्र या एका प्रसंगात सामावले आहे. आजही रुग्णाला घास जात नसताना 'थोडे तरी खा' म्हणून चमचा पुढे करणारे नातलग त्या राजांच्याच जातीचे असतात. त्यांची माया खरी असते, पण उशी चुकीची असते.

दुसरे उदाहरण परीक्षित राजाचे. सातव्या दिवशी तक्षकदंशाने मृत्यू येणार, हे त्याला स्पष्टपणे कळले. त्याच्यापासून कोणी ते लपवले नाही आणि त्यानेही ते नाकारले नाही. तो गंगातीरी बसला, ऋषिमुनी भोवती जमले आणि शुकमुनींनी त्याला सात दिवस भागवत ऐकवले. शुकांनी परीक्षिताचे प्राण वाचवले नाहीत. तक्षक यायचा तो आलाच. तरीही शुकांचे कार्य व्यर्थ गेले, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. जे टाळता येत नाही त्याला सामोरे जाताना माणसाला एकटे न सोडणे हे स्वतःच एक पूर्ण कार्य आहे, हे या कथेने कितीतरी शतके आपल्याला सांगितले आहे.

लोकाचारातही ही जाण होती. जमीन सारवून त्यावर अंथरूण घालणे, तुळशीपत्र आणि गंगाजल मुखी घालणे, गीतेचा अध्याय किंवा विष्णुसहस्रनाम म्हणणे, कानाशी नाम घेणे, या रूढींनी घरच्यांना एक काम दिले होते. हात बांधून असहायपणे पाहत राहण्याऐवजी प्रत्येकाला काही करण्यासारखे होते. २०२०मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मृत्यूच्या समीप पोहोचलेल्या, प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूची नोंद घेतली, तेव्हा ध्वनीला त्यांचा मेंदू प्रतिसाद देत असल्याचे आढळले. यावरून आपल्या पूर्वजांना आधुनिक मेंदूविज्ञान अवगत होते, असा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. इतकेच लक्षात घ्यावे की, शेवटपर्यंत त्या माणसाशी बोलत राहण्याची त्यांची वृत्ती माणुसकीची होती आणि ती आपण सोडता कामा नये.

केवळ अभिमान पुरेसा नाही

मात्र परंपरेच्या या दाखल्यांवर समाधान मानून स्वस्थ बसणे हा आत्मवंचनेचा प्रकार ठरेल. ज्या घरात या रूढी नांदत होत्या ते घर आज तसे उरलेले नाही. एकत्र कुटुंब, सुईण जशी जन्माची जाणकार तशी मृत्यूची चिन्हे ओळखणारी गावातील एखादी वयोवृद्ध स्त्री, दुपारच्या वेळी सहज येऊन बसणारे शेजारी, हे सारे विरळ झाले आहे. पुण्या-मुंबईच्या सदनिकांत पती-पत्नी दोघेच राहतात आणि मुले कॅलिफोर्नियात किंवा सिडनीत असतात. चाळिशी गाठलेल्या अनेकांनी आजवर एकही मृत्यू जवळून पाहिलेला नसतो. मग वडिलांचे हातपाय गार पडू लागले, श्वासांत खंड पडू लागला, घशात घरघर सुरू झाली की घरात घबराट उडते. ही शरीराच्या परतीच्या वाटेवरील नेहमीची चिन्हे आहेत, हे सांगणारे कोणी नसते. रुग्णवाहिका बोलावली जाते आणि ज्याला आपल्या घरात, आपल्या माणसांत डोळे मिटायचे होते तो अतिदक्षता विभागात, नळ्यांच्या गुंत्यात, काचेपलीकडे एकटाच जातो. मागे राहते ते लाखोंचे देयक आणि आयुष्यभराची बोच.

दुसरा दोष त्याहून खोल आहे. तो म्हणजे मौनाचा. 'त्यांना काही सांगू नका, खचतील,' असे म्हणून रुग्णापासून त्याचाच आजार लपवला जातो. रुग्णाला बहुधा सर्व कळलेले असते. पण घरच्यांना त्रास नको म्हणून तोही न कळल्याचे सोंग करतो. एकाच खोलीत दोन्ही बाजूंनी नाटक चाललेले असते आणि त्यात कागदपत्रांपासून क्षमायाचनेपर्यंत जे जे बोलायला हवे ते सारे राहून जाते. परीक्षिताची कथा सात दिवस भक्तिभावाने ऐकणारा समाज स्वतःच्या घरातील परीक्षिताला सत्य सांगायला कचरतो, याला काय म्हणावे? सत्य सांगणे म्हणजे निर्णय तोंडावर फेकणे नव्हे. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे हे हळुवारपणे विचारणे, तो विचारील तेवढ्याचे खरे उत्तर देणे आणि उत्तर देऊन उठून न जाता तेथेच बसून राहणे, ही साधना आहे. ती शिकावी लागते. जाणत्या सोबत्याची खरी गरज येथे आहे.

उशाशी गीता आणि हाताशी मॉर्फिन

सोबत म्हणजे केवळ भजन-पूजन नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. काशीतील मुक्तिभवन १९५८पासून मोक्षाच्या आशेने येणाऱ्या मरणासन्न यात्रिकांना आसरा देत आले आहे. साधारण दोन आठवडे राहण्याची मुभा, सोबत घरची माणसे, नित्य भजन आणि पाठ, अशी तेथील व्यवस्था. तेथे वैद्यकीय उपचार होत नाहीत. वार्धक्याने शांतपणे मालवत चाललेल्या जीवाला ते पुरते. परंतु हाडांत पसरलेल्या कर्करोगाने तळमळणाऱ्याला तेवढ्याने कसे पुरावे? वेदनेने किंचाळणाऱ्या माणसाला नामस्मरणाचा उपदेश करणे ही भक्ती नव्हे, निष्ठुरता आहे.

आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या प्रवर्तक डेम सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. परिचारिका, रुग्णालयीन समाजसेविका आणि मग डॉक्टर असा त्यांचा प्रवास. मरणासन्न माणसाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चौपदरी असते आणि यातील एकच पदर हाताळून भागत नाही, हे त्यांनी आग्रहाने मांडले. भारतात हा विचार प्रथम मुंबईतच रुजला. कर्करोग शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने १९८६मध्ये वांद्रे येथे शांती अवेदना हे देशातील पहिले हॉस्पिस उभे राहिले. गोव्यातही त्याची शाखा आहे. पुण्यात वारजे येथे १९९७पासून सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र विनामूल्य चालते आणि तेथे रुग्णासोबत कुटुंबीयालाही राहता येते. परळला टाटा रुग्णालयात उपचारांसाठी देशभरातून येणाऱ्या रुग्णांना आणि नातलगांना नाना पालकर स्मृती समितीने छप्पर दिले, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने दिले. ही सारी कामे वंदनीय आहेत.

तरीही एकूण चित्र समाधानकारक नाही. 'इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट'ने २०१०मध्ये मृत्यूच्या गुणवत्तेबाबत ४० देशांची तुलना केली, तेव्हा भारत ४०व्या क्रमांकावर होता. २०१५मध्ये ८० देशांत तो ६७वा आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ज्यांना उपशामक सेवेची गरज आहे त्यांतील जेमतेम १४ टक्के लोकांपर्यंत ती जगभरात पोहोचते. यातील सर्वांत क्लेशकारक विरोधाभास मॉर्फिनचा. ज्या देशात औषधासाठी अफूची कायदेशीर शेती होते, त्याच देशात १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कडक परवान्यांमुळे वेदनाग्रस्तांना मॉर्फिनची गोळी मिळेनाशी झाली. २०१४मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट मोकळी झाली. पण व्यसनाची अनाठायी भीती अनेक डॉक्टरांच्या आणि नातलगांच्या मनातून अद्याप गेलेली नाही. तेव्हा उशाशी गीता असावी आणि हाताशी मॉर्फिनही असावे. यांत विरोध मानण्याचे कारण नाही. वेदना शमली तरच चित्त स्थिर होईल आणि चित्त स्थिर झाले तरच नाम ओठी येईल.

मलप्पुरमचा धडा

मग ही सोबत कोणी करायची? पश्चिमेने या प्रश्नाला मुख्यतः व्यवसायाच्या अंगाने उत्तर दिले. त्याची मर्यादा तेथेही जाणवते. अमेरिकेत या कामाला सरकारी परवाना लागत नाही. अल्पसे प्रशिक्षण घेऊन कोणीही स्वतःला डूला म्हणवू शकतो. ज्याला तासाचा दर परवडतो त्याला सोबत मिळते आणि ज्याला परवडत नाही त्याला धर्मादाय कार्यक्रमाची वाट पाहावी लागते. ही व्यवस्था जशीच्या तशी उचलली, तर लग्नाच्या कंत्राटाप्रमाणे मृत्यूचेही कंत्राट निघेल आणि चकचकीत माहितीपत्रकातून 'सन्मानपूर्वक निरोपा'च्या योजना विकल्या जातील. त्या दिशेने जाण्यापूर्वी आपल्याच देशातील एका प्रयोगाकडे पाहिले पाहिजे.

केरळमधील कोझिकोड येथे १९९३मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी सहकाऱ्यांसह वेदनाशमनाचे काम सुरू केले. केवळ दवाखान्यात बसून हे काम पुरे होणार नाही, हे लवकरच ध्यानी आले. त्यातून मलप्पुरम आणि आसपासच्या भागांत शेजाऱ्यांचेच एक जाळे विणले गेले. आठवड्यातून किमान २ तास देऊ शकणाऱ्या कोणालाही त्यात प्रवेश होता. १६ तासांचे वर्ग आणि ४ दिवसांचा प्रत्यक्ष अनुभव एवढे प्रशिक्षण घेऊन शिक्षक, दुकानदार, शेतकरी, गृहिणी, विद्यार्थी आपापल्या वस्तीतील अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे जाऊ लागले. डॉक्टर व परिचारिका पाठीशी असत. पण रुग्ण शोधणे, त्याच्याशी बोलणे, घरात तांदूळ आहे की नाही हे पाहणे, मुलांची शाळा सुटू न देणे, ही कामे शेजाऱ्यांची. पैसाही बव्हंशी लहान लहान देणग्यांतून उभा राहिला. २००८मध्ये केरळ सरकारने या कामासाठी स्वतंत्र धोरण आखले आणि स्थानिक स्वराज्य संस्था त्यात आल्या. देशाच्या लोकसंख्येच्या जेमतेम ३ टक्के लोक असलेले हे राज्य देशातील उपशामक सेवेचा दोन-तृतीयांश भार उचलते, असे २०१०च्या त्या आंतरराष्ट्रीय अहवालाने नोंदवले होते. मृत्यूच्या मूल्याचा विचार करणाऱ्या 'लॅन्सेट' आयोगानेही २०२२च्या आपल्या अहवालात केरळचा दाखला जगापुढे ठेवला.

हा धडा सरळ आहे. मरणाऱ्याची सोबत हे काही थोड्या तज्ज्ञांचे काम नसून समाजाचे काम आहे. तज्ज्ञांनी समाजाला ते शिकवायचे आहे.

जवळचे कोण?

रक्ताच्या नात्यावाचून अशी सोबत होईल काय, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर मुंबईने दिलेले आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३मधील भीषण हल्ल्यानंतर ४२ वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण त्यांची शुश्रूषा खंडित झाली नाही. इच्छामरणाच्या याचिकेवर २०११मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की, अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा? अहोरात्र सेवा करणारे रुग्णालयाचे कर्मचारीच त्यांचे खरे निकटवर्ती, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. १८ मे २०१५ रोजी अरुणाताई गेल्या, तेव्हा त्या परिचारिकांनी घरचे माणूस गेल्याचा शोक केला. नाते जन्माने मिळते तसे सेवेनेही जडते.

कायद्यानेही आता एक पाऊल पुढे टाकले आहे. आयुष्याच्या अखेरीस कृत्रिम उपायांनी प्राण लांबवू नयेत, अशी इच्छा शुद्धीत असतानाच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८च्या निकालाने मान्य केला. त्यातील जाचक प्रक्रिया २०२३च्या जानेवारीत सुलभ झाली; आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर हे इच्छापत्र करता येते. गोव्याने मे २०२४मध्ये त्याची अंमलबजावणी सुरू केली आणि उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून पायंडा घालून दिला. याला आत्महत्या म्हणणे किंवा जीव घेणे म्हणणे चुकीचे आहे. पवनारला नोव्हेंबर १९८२मध्ये आचार्य विनोबांनी अन्न आणि औषध थांबवून शांतपणे देह ठेवला, तेव्हा महाराष्ट्राने तो एका कर्मयोग्याचा निरोप म्हणूनच पाहिला होता. सामान्य माणसाच्या इच्छेलाही तोच आदर मिळायला हवा. परंतु कागद केला म्हणजे संपले, असे नाही. ऐन वेळी धास्तावलेल्या मुलाला 'बाबांनी हेच सांगितले होते' याची आठवण करून देणारे, त्याच्या खांद्यावर हात ठेवणारे माणूस तेथे असावे लागते.

काय करता येईल?

महाराष्ट्रात यासाठी नव्याने काही उभारावे लागेल असे नाही. प्रत्येक गावात आणि उपनगरात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, महिलांची भजनी मंडळे आहेत, गणेशोत्सव मंडळे आहेत, सेवाभावी संस्था आहेत. रात्रभर जागून आरास उभारणाऱ्या तरुणांना एखाद्या घरी आळीपाळीने रात्र जागवणे जड नाही. निवृत्त परिचारिका आणि डॉक्टर मार्गदर्शनाला मिळू शकतात. एका वस्तीत १०-१२ माणसांनी प्रशिक्षण घेतले, तरी त्या वस्तीतील कोणतेही घर या काळात एकाकी पडणार नाही. आठवड्यातून एक दुपार येऊन बसणारी व्यक्तीसुद्धा घरातील सुनेला तीन तासांची मोकळीक देते, आणि अशा घरात तीन तासांचे मोल काय असते, हे ज्याने सोसले त्यालाच कळते.

मात्र काही पथ्ये काटेकोरपणे पाळावी लागतील. सोबत्याने डॉक्टर होऊ नये; औषध आणि उपचार हा वैद्यांचाच प्रांत. मृत्युपत्र, मालमत्ता, भाऊबंदकी यांपासून त्याने चार हात दूर राहावे. घरात ऐकलेली गोष्ट घरातच ठेवावी. जात, पंथ, पक्ष पाहून कोणाच्या दारी जाऊ नये किंवा जायचे टाळू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मरणाऱ्याच्या उशाशी बसून कोणत्याही पंथाचा, संघटनेचा किंवा विचाराचा प्रचार करू नये. त्या क्षणी माणूस सर्वाधिक असहाय असतो आणि त्या असहायतेचा लाभ उठवणे हे पाप आहे, मग ते कितीही पवित्र हेतूने केलेले असो. ज्याला रामनाम हवे त्याला रामनाम ऐकू यावे, ज्याला कुमारांचे निर्गुणी भजन हवे त्याला ते, आणि आयुष्यभर नास्तिक राहिलेल्याला केवळ हातात हात हवा असेल, तर तेवढाच द्यावा. राजांनी आणलेल्या मऊ उशा मागे ठेवाव्यात आणि भीष्मांना काय हवे आहे, हे आधी पाहावे.

ज्या समाजाला मर्तिकाचे निमंत्रण लागत नाही, त्याला मरणाऱ्याच्या सोबतीचे निमंत्रण तरी का लागावे? खांदा देण्याचा धर्म आपण कसोशीने पाळत आलो आहोत. त्या धर्माची सुरुवात काही आठवडे अलीकडे आणायची आहे, एवढेच. तिरडीजवळ उभे राहणाऱ्या शंभरांतील दोघे-चौघे जरी आधीच त्या खाटेजवळ येऊन बसले, तरी जाणाऱ्याची वाट सुकर होईल आणि मागे राहणाऱ्यांचे मन निवेल.